एका वायरवर दोन शेजारी : रुग्णालयातल्या अकरा फोनचं प्रकरण

रविवारी सकाळी आठला नर्सिंगची पाळी बदलते. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरनी कॅज्युअल्टीला फोन लावायला रिसीव्हर उचलला, तर डायल टोनच नाही. स्क्रीन चालू, दिवा चालू, आणि खाली 'नोंदणी होत आहे' अशा अर्थाची ओळ, जी हलायलाच तयार नव्हती. आठ वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. मी तिथून पाच तासांपूर्वीच घरी आलो होतो.

शनिवारी रात्री दहापासून अडीचपर्यंत आम्ही त्या दीडशे खाटांच्या रुग्णालयातले सगळे ॲक्सेस स्विच (फोन-संगणकांच्या वायरी जिथे येऊन जुळतात ती यंत्रं) बदलले होते. जुने थकले होते. नवे दुसऱ्या कंपनीचे, प्रत्येक पोर्टला वीज देणारे. इमारतीत ९६ आयपी फोन, म्हणजे संगणकांच्याच नेटवर्कवर चालणारे. सकाळी मोजले तेव्हा ८५ लागलेले होते आणि ११ अडकलेले. त्यांतले आठ तिसऱ्या मजल्यावर, दोन बिलिंगला, एक औषध दुकानात. रुग्णालयात आठ फोन बंद म्हणजे आठ गैरसोयी नव्हेत. रक्तपेढीला विचारायचं, आयसीयूत खाट आहे का बघायचं, रात्रीच्या डॉक्टरांना उठवायचं, सगळं त्या फोनवरून चालतं. त्या सकाळी वॉर्डातले मामा आणि मावशी चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, माझी चूक कुठे झाली त्यासकट.

फोनला आपली जागा कशी कळते

एकाच वायरवर फोन आणि त्याच्या पाठीमागे संगणक, ही मांडणी आता सगळीकडे दिसते. संगणकाची वाहतूक एका व्हीलॅनमध्ये (त्याच वायरवरच्या आभासी वेगळ्या नेटवर्कमध्ये), फोनची दुसऱ्यात. आमच्याकडे संगणकांचा व्हीलॅन २०, आवाजाचा ४०. फोनने आपल्या प्रत्येक फ्रेमवर (वायरवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटावर) ४० ची चिठ्ठी लावून पाठवायचं, संगणकाने बिनचिठ्ठीचं. पण नवाकोरा फोन भिंतीतल्या आय-ओला (नेटवर्कच्या सॉकेटला) लावला की त्याला हा ४० सांगणार कोण? फोन सर्व्हर, म्हणजे सगळे फोन जिथे नोंदले जातात तो संगणक, सांगू शकत नाही, कारण तिथवर पोचायलाच ४० लागतो. डीएचसीपीतून, म्हणजे उपकरणांना नेटवर्कवरचा पत्ता वाटणाऱ्या सेवेतून, सांगता येतं, पण मग फोन आधी २० मध्ये पत्ता घेतो, आकडा वाचतो आणि पुन्हा ४० मध्ये नव्याने सुरुवात करतो. सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे पलीकडच्या स्विचनेच सांगणं. वायरच्या दुसऱ्या टोकाला तोच असतो.

हे सांगण्याचा प्रमाणित मार्ग म्हणजे एलएलडीपी. आयईईई या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने तो ८०२.१एबी या क्रमांकाने २००५ मध्ये प्रसिद्ध केला, पुढे २००९ आणि २०१६ मध्ये सुधारला. त्याआधी ज्याची त्याची भाषा होती. त्यात सर्वांत पसरलेली सिस्कोची सीडीपी, १९९४ पासूनची. एलएलडीपी मुळात उपकरणांनी एकमेकांना नाव-गाव सांगण्यापुरता होता. फोनसारख्या टोकाच्या उपकरणांसाठी त्यावर २००६ मध्ये टीआयए या दूरसंचार उद्योगातल्या संस्थेचा टीआयए-१०५७ हा विस्तार आला, त्याला एलएलडीपी-मेड म्हणतात. आवाजाचा व्हीलॅन कोणता, प्राधान्य किती, वीज किती हवी, उपकरण इमारतीत कुठे आहे, त्याचा अनुक्रमांक काय, हे सगळं त्यात येतं.

यातली एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात धरायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर फिरतं. एलएलडीपीत प्रश्न नसतो, उत्तर नसतं, 'मिळालं' अशी पोचही नसते. प्रत्येक उपकरण ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी, आपल्याबद्दल बोलून मोकळं होतं. ऐकणाऱ्याने ऐकलं तर टिपून ठेवायचं. किती वेळ ठेवायचं तेही बोलणाराच सांगतो, साधारणपणे १२० सेकंद. नंतर काही ऐकू आलं नाही तर नोंद पुसायची. तुळशीबागेतला विक्रेता ओरडतो तसं हे आहे: गिऱ्हाईक थांबलं की नाही, त्याला बघायचं नसतं.

एक फ्रेम जवळून

स्विच जे बोलतो ते वायरवर कसं दिसतं हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं की पुढचा बराच गोंधळ टळतो. फ्रेमचा प्रकार ८८सीसी. आत एकामागोमाग तुकडे, त्यांना टीएलव्ही म्हणतात: आधी प्रकार, मग लांबी, मग मजकूर. प्रकाराला ७ बिट, लांबीला ९, म्हणून एका तुकड्यातला मजकूर ५११ बाइटच्या वर जात नाही. पहिले तीन तुकडे सक्तीचे आणि त्यांचा क्रमही ठरलेला: उपकरणाची ओळख, पोर्टची ओळख, आणि हे किती वेळ खरं मानायचं. हा तिसरा तुकडा वायरवर ०६ ०२ ०० ७८ असा दिसतो. शेवटचं ७८ हेक्समधलं (सोळाच्या पटीतल्या मोजणीतलं), म्हणजे १२० सेकंद.

आणि ज्या तुकड्यावर आमचे ९६ फोन अवलंबून होते तो हा:

एफई ०८ ०० १२ बीबी ०२ ०१ ४० ५१ ६ई

एफई म्हणजे प्रकार १२७, 'संस्थेने ठरवलेला खास मजकूर'. ०८ ही लांबी. ००-१२-बीबी ही टीआयएची खूण, ती दिसली की एलएलडीपी-मेड आहे हे समजायचं. पुढचा ०२ म्हणजे नेटवर्क धोरण, ०१ म्हणजे आवाज. उरलेल्या तीन बाइटांत सगळं काही दाबून बसवलेलं आहे. इथे ४० दिसला म्हणून तो व्हीलॅन ४० समजू नये, मीही पहिल्यांदा तसाच फसलो होतो. तो ४० म्हणजे 'चिठ्ठी लावा' हा एक बिट. तिन्ही बाइट बिटांमध्ये उलगडले की १२ बिटांत व्हीलॅनचा चाळीस सापडतो, मग ३ बिटांत प्राधान्य ५, आणि शेवटच्या ६ बिटांत डीएससीपी (रांगेतला क्रम सांगणारा आकडा) ४६, आवाजाच्या वाहतुकीला सर्रास देतात तो. दहा बाइटांत फोनला त्याचं घर, त्याचा मान आणि रांगेतली जागा मिळते. मला हे फार सुंदर वाटतं.

माझं पहिलं निदान, आणि ते का चुकलं

रुग्णालयात पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. अडकलेला फोन २० मध्ये पत्ता घेऊन बसला होता, म्हणजे त्याला ४० कुणी सांगितलाच नव्हता. फोन सर्व्हरकडे २० मधून जायला मज्जाव, त्यामुळे नोंदणी कायमची अडकलेली. इथवर चित्र स्वच्छ होतं. अकरांपैकी आठ तिसऱ्या मजल्यावरचे, म्हणून संशय थेट तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचवर गेला.

मी त्या रॅकमधल्या एका रिकाम्या पोर्टला लॅपटॉप जोडला आणि फ्रेम पकडायला लावल्या. अर्ध्या मिनिटात पहिली फ्रेम आली: स्विचचं नाव, पोर्टचं नाव, क्षमता, व्यवस्थापनाचा पत्ता. पण ००-१२-बीबीचा तुकडा कुठेच नाही. आणखी तीन फ्रेमची वाट पाहिली, त्यांतही नाही. मी ठरवूनच टाकलं की या स्विचचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) धोरण पाठवत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचशी कॉन्फिग ओळ-न्-ओळ ताडून पाहिली, जशीच्या तशी. मग कंपनीच्या मदत क्रमांकावर तास-दीड तास गेला. फर्मवेअर पुन्हा चढवायची तयारी चालू झाली, म्हणजे अख्ख्या मजल्याचं नेटवर्क पाच-सात मिनिटं बंद. मेट्रनबाईंकडे परवानगी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "बंद करा, पण आधी मला एक सांगा, याच मजल्यावरचे बाकीचे फोन मग कसे चालतायत?"

त्या प्रश्नाने मी जागेवर आलो. त्या मजल्यावर एकूण एकवीस फोन होते आणि तेरा व्यवस्थित लागलेले होते. स्विच धोरण पाठवतच नसेल, तर या तेरांना ४० कुठून कळला?

उत्तर टीआयए-१०५७ मध्येच आहे, आणि ते मला माहीत असूनही घाईत आठवलं नाही. स्विच मेडचे तुकडे आपण होऊन सगळीकडे पाठवत नाही. पलीकडून एखादं उपकरण 'मी मेडवालं आहे' असं बोललं की मगच त्या पोर्टवर ते सुरू होतात. माझा लॅपटॉप नुसता ऐकत होता, तोंड उघडतच नव्हता. स्विचच्या दृष्टीने तिथे फोन नव्हताच.

मग लॅपटॉपला बोलतं केलं. लिनक्सवर एलएलडीपीडी नावाची सेवा आहे. तिला सांगता येतं की स्वतःची ओळख वर्ग ३ चं उपकरण अशी करून दे. मेडमध्ये टोकाच्या उपकरणांचे तीन वर्ग आहेत: पहिला सर्वसाधारण, दुसरा आवाज-चित्राच्या सेवा देणाऱ्यांचा, तिसरा थेट माणसाच्या हातातला, म्हणजे फोन. सेवा सुरू केली आणि पुढच्याच सेकंदाला धोरणाची फ्रेम आली. मग दुसरी, तिसरी, एकेका सेकंदाच्या अंतराने. ही मेडमधली झटपट सुरुवात: नवा फोन दिसला की स्विच तीस सेकंद थांबत नाही, लागोपाठ बोलतो, म्हणजे फोन उगाच ताटकळत नाही. तीन फ्रेम, तिन्हींत तेच दहा बाइट. स्विच ठणठणीत होता. चुकलो होतो मी.

धागा सापडला तो चांगल्या मजल्यावर

आता प्रश्न उलटा झाला. स्विच बोलतो आहे, फोनही बोलत असणार, मग दोघांना एकमेकांचं ऐकू का येत नाही? तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचची शेजाऱ्यांची यादी काढली. चालणाऱ्या तेरा फोनांच्या नोंदी होत्या. अडकलेल्या आठांपैकी एकाचीही नाही. त्यांच्या पोर्टवर लिंक मात्र हिरवी.

तुलनेसाठी दुसऱ्या मजल्याची यादी काढली, कारण तिथे सगळं ठीक होतं. आणि तिथे, रेकॉर्ड रूमकडे जाणाऱ्या पोर्ट ३१ समोर, दोन नोंदी होत्या. दोन फोन, दोन वेगळे मॅक पत्ते (उपकरणाचे जन्मजात पत्ते), दोन वेगळे अनुक्रमांक, आणि पोर्ट एकच.

हे व्हायला नको. एलएलडीपी ठरवून एका वायरपुरता आहे. मी माझ्या वायरच्या पलीकडच्या टोकाशी बोलतो, त्याच्या पलीकडे नाही. एका तांब्याच्या वायरला दोन पलीकडची टोकं नसतात. एकाच पोर्टवर दोन शेजारी दिसले, याचा अर्थ मध्ये काहीतरी बसलं आहे.

खाली जाऊन रेकॉर्ड रूमचं टेबल पुढे ओढलं. मागे भिंतीला चिकटपट्टीने लावलेला पाच पोर्टचा साधा स्विच, डब्यासारखा. कॉन्फिग नाही, नाव नाही, आमच्या नकाशात नोंद नाही. त्यातून दोन फोन आणि एक संगणक निघाले होते.

मग तिसऱ्या मजल्यावर वर आलो आणि नर्सिंग स्टेशनच्या त्या फोनकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. फोनला पाठीमागून ॲडॉप्टर लावलेला होता. सकाळपासून तो माझ्या डोळ्यांसमोर होता. आमचे नवे स्विच प्रत्येक पोर्टला वीज देतात, मग या फोनला ॲडॉप्टर कशाला? स्विचवर त्या पोर्टची वीज तपासली: शून्य वॅट. शून्य वॅट आणि तरी स्क्रीन उजळलेली. हे एकच वाक्य सकाळी नऊला माझ्या डोक्यात आलं असतं, तर पाच तास वाचले असते.

मेंटेनन्सच्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, कोविडमध्ये हा वॉर्ड एका रात्रीत उभा केला. वायर ओढायला माणूस मिळत नव्हता. बाजारातून डबे आणले नि लावले." त्यांनी तेव्हा जे केलं ते बरोबरच होतं. मी त्यांच्याबरोबर फिरलो आणि एकूण सहा डबे सापडले: तीन तिसऱ्या मजल्यावर, एक बिलिंगला, एक औषध दुकानात, आणि तो रेकॉर्ड रूममधला. पहिल्या पाचांच्या मागे अकरा फोन. बरोबर तेच अकरा.

पण मग आधी कसं चालत होतं?

हा या प्रकरणाचा गाभा आहे. डबे चार वर्षं तिथेच होते आणि चार वर्षं फोन चालत होते. बदलला फक्त वरचा स्विच.

जुने स्विच सीडीपी बोलत, आणि फोनांना दोन्ही भाषा येत. सीडीपीच्या फ्रेमचा पत्ता ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी. साध्या डब्याला हा पत्ता म्हणजे कुठलातरी समूह-पत्ता. ओळखीचा नाही, म्हणून सगळ्या पोर्टवर पसरवायचा. त्यामुळे वरच्या स्विचचं बोलणं डब्यातून आरपार फोनपर्यंत जात होतं. पुढे फोनने ४० ची चिठ्ठी लावलेल्या फ्रेम पाठवल्या, तर असे डबे बहुधा चिठ्ठीला हात न लावता त्या पुढे सरकवतात. सगळं चालून गेलं.

एलएलडीपीचा पत्ता वेगळा: ०१-८०-सी२-००-००-०ई. शेवटच्या ०० पासून ०एफपर्यंतचे सोळा पत्ते आयईईईने राखून ठेवलेले आहेत, आणि नियम असा की प्रमाणाला धरून वागणाऱ्या कोणत्याही स्विचने हे पत्ते पुढे पाठवायचे नाहीत, तिथेच थांबवायचे. एलएलडीपी एका वायरपुरता राहतो तो याच नियमामुळे. आमच्या पाच डब्यांनी नियम तंतोतंत पाळला. वरून आलेली स्विचची घोषणा गिळली, खालून आलेली फोनचीही गिळली. फोन बोलत होता, स्विच बोलत होता, आणि मधला डबा दोघांचंही तोंड दाबून बसला होता. रेकॉर्ड रूममधल्या सहाव्या डब्याने नियम मोडला, म्हणून तिथले दोन फोन लागले आणि यादीत एका पोर्टसमोर दोन शेजारी दिसले. बाजारातले स्वस्त डबे असे दोन्ही प्रकारचे मिळतात, वरून बघून फरक कळत नाही.

म्हणजे चुकीच्या डब्यामागचे फोन चालत होते आणि बरोबर डब्यांमागचे बंद पडले होते. 'चालतंय' हा बरोबर असल्याचा पुरावा धरला असता, तर मी त्या सहाव्या डब्यासारखे आणखी पाच आणून लावले असते. तो मोह त्या दुपारी खरोखर झाला होता. पण अशा डब्यामागचा फोन काढून नेला तरी वरच्या स्विचच्या पोर्टवर लिंक पडत नाही, त्यामुळे नोंद दोन मिनिटं तशीच राहते. कोणता फोन कुठे आहे हे यादीवरून सांगता येत नाही, आणि वीज तर मिळतच नाही. मोह आवरला ते बरं झालं.

दुरुस्ती

त्या दिवशी संध्याकाळी चारपर्यंत अकराही फोनांवर, त्यांच्या मेनूत जाऊन, हाताने व्हीलॅन ४० भरला. हा तात्पुरता इलाज. हाताने भरलेला आकडा फोनबरोबर फिरतो, आणि उद्या कुणी तो फोन दुसऱ्या इमारतीत नेला तर तिथे तो पुन्हा मुका होईल. म्हणून प्रत्येक फोनला खाली लाल पट्टी लावली आणि रजिस्टरात नोंद केली.

खरा इलाज वायर ओढण्याचा. पुढच्या तीन आठवड्यांत तिसऱ्या मजल्यावर आणि बिलिंगला केसिंग-पट्टीतून नव्या वायरी आल्या, रेकॉर्ड रूमलाही. पाच डबे निघाले, त्यांच्याबरोबर बारा ॲडॉप्टरही. एकेक फोन थेट आय-ओला लावला की आधी हाताने भरलेला आकडा पुसायचा, मग वायर काढून परत लावायची, आणि स्विचच्या यादीत त्याचं नाव, अनुक्रमांक आणि वीज येते का ते बघायचं. आणि फोनच्या मेनूत जाऊन त्याने ४० ऐकला का, तेही बघायचं. पोच नसलेल्या बोलण्यात एका बाजूची यादी पाहून काहीच सिद्ध होत नाही. स्विचच्या यादीत फोन दिसतो याचा अर्थ इतकाच की फोनचं स्विचला ऐकू आलं. उलट दिशेची खात्री फोनवरच करावी लागते.

सोमवारी आलेली दुसरी तक्रार

फोनांच्या गडबडीत एक गोष्ट लपून राहिली होती. सोमवारी डॉक्टरांच्या टॅबलेटवर एक्स-रे उघडायला वेळ लागतो अशा तक्रारी आल्या. वायफायचे १४ ॲक्सेस पॉइंट चालू होते, पण सगळे अर्ध्या ताकदीवर. पूर्वी ते स्वतंत्र इंजेक्टरवर (वायरीत वीज सोडणाऱ्या पेटीवर) होते. आता नवे स्विच वीज देतात म्हणून आम्ही इंजेक्टर काढले होते.

विजेचीही एक बोलणी असते. २००३ च्या ८०२.३एएफ प्रमाणे स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो, वायरमधली घट धरून उपकरणाला १२.९५ मिळतात. २००९ च्या ८०२.३एटीत हे आकडे ३० आणि २५.५ झाले, २०१८ च्या ८०२.३बीटीत ९० आणि ७१.३ पर्यंत गेले. एटीच्या उपकरणाला 'तुला जास्त वीज मिळेल' हे दोन तऱ्हांनी कळू शकतं. एक तर स्विच सुरुवातीलाच विजेचे दोन ठोके देऊन सांगतो, नाहीतर एकच ठोका देतो आणि पुढचं एलएलडीपीवर सोडतो. तसं कळेपर्यंत उपकरणाने १३ वॅटच्या आतच राहायचं. आमचे नवे स्विच एक ठोका देणारे. आणि ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर एलएलडीपी बंद. तो मीच बंद केला होता, 'इथे फोन नाही, उगाच माहिती कशाला द्या' असा विचार करून.

त्या पोर्टवर एलएलडीपी चालू केला आणि यादीत बघत बसलो. ॲक्सेस पॉइंटने मागणी लिहिली २५५. हा आकडा वॅटच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे २५.५. स्विचच्या पुढच्या फ्रेममध्ये 'मागितले २५५, दिले २५५' असं आलं. मग ॲक्सेस पॉइंटच्या फ्रेममध्येही 'दिले २५५' उमटलं आणि त्याचा दुसरा रेडिओ जागा झाला. पोच नसलेल्या प्रोटोकॉलमध्येही सौदा होऊ शकतो तो असा: प्रत्येक जण समोरच्याचा आकडा आपल्या बोलण्यात परत म्हणून दाखवतो. दोन्हीकडे तोच आकडा दिसला की ठरलं.

जे मलाच सापडलं आणि मला झोंबलं

रविवारी मी लॅपटॉपला 'मी फोन आहे' असं म्हणायला लावलं आणि स्विचने ताबडतोब ४० सांगितला. मी लॅपटॉपवर ४० चा इंटरफेस बनवला, आवाजाच्या व्हीलॅनमधला पत्ता मिळाला, फोन सर्व्हर दिसायला लागला. कुणी काही विचारलं नाही. एलएलडीपीत ओळख पटवण्याची सोय नाही. जो जे म्हणेल ते खरं मानलं जातं. ओपीडीच्या प्रतीक्षा कक्षातल्या आय-ओवरून हे कुणालाही जमलं असतं.

यावर एलएलडीपी सगळीकडे बंद करा असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही, आणि ॲक्सेस पॉइंटच्या अनुभवानंतर तर मुळीच नाही. आकडा लपवून व्हीलॅन सुरक्षित होत नाही, चाळीस हा आकडा कुणीही दहा मिनिटांत शोधून काढेल. आम्ही केलं ते असं: लोकांच्या हाताला लागणाऱ्या जागचे पोर्ट मुळात बंद, आवाजाच्या व्हीलॅनमधून फक्त फोन सर्व्हर आणि फोन-फोन वाहतुकीला वाट, आणि फोनांसाठी ८०२.१एक्सने ओळख पटवणं टप्प्याटप्प्याने. स्विचचं फर्मवेअरही वेळेवर अद्ययावत ठेवायचं, कारण शेजाऱ्याचं बोलणं वाचणारा कोडही चुकू शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या कंपनीने सीडीपी वाचणाऱ्या कोडमधल्या पाच त्रुटी 'सीडीपीवन' या नावाने जाहीर केल्या होत्या. ऐकणाऱ्यालाही धोका असतो.

औषध दुकानातला डबा अजून तिथेच आहे. तिथली भिंत फोडायला बांधकामवाल्याची तारीख मिळायची आहे. त्या फोनला ॲडॉप्टर आहे, खाली लाल पट्टी आहे, आणि स्विचच्या यादीत त्या पोर्टसमोर काहीच दिसत नाही. रजिस्टरात त्या ओळीपुढे मी लिहून ठेवलं आहे: 'नोंद रिकामी, वीज शून्य, मध्ये डबा आहे. फर्मवेअरला हात लावू नये.'